धागा आणि आवाज: वस्त्र-ध्वनी मांडणशिल्पांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विणकाम, भरतकाम, क्रोशे, नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) यांसारख्या वस्त्रकला आणि आवाज यांना एका दालनात एकत्र आणणारी मांडणशिल्पं मी करते. प्रेक्षक, विद्यार्थी आणि दालनं चालवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

वस्त्र-ध्वनी मांडणशिल्प म्हणजे नेमकं काय?

चित्र आपण समोर उभं राहून बघतो, मांडणशिल्पाच्या आत शिरतो. या प्रकारात आत शिरल्यावर दोन गोष्टी आपल्याला वेढतात: छतापासून लोंबणारं, वाट अडवणारं, अंगाला घासणारं कापड आणि त्या कापडातून, त्याच्यामागून किंवा त्याच्यामुळे ऐकू येणारा आवाज.

कसोटी म्हणून मी एकच प्रश्न विचारते. कापड काढून टाकलं तर आवाज तसाच ऐकू येईल का? येत असेल, तर ते काम अजून झालेलं नाही. सुंदर पडदे टांगून मागे मंद संगीत लावणं हा देखावा झाला. कापडाने ऐकणं बदललं पाहिजे. यापुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

कापड आणि आवाज ही जोडी ओढूनताणून जमवलेली नाही का?

नाही. या दोघांचं नातं कलादालनांपेक्षा कितीतरी जुनं आहे.

हातमागापासूनच बघा. पायाखालच्या पट्ट्या दाबायच्या, ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून धोटा जातो, मग फणी बाण्याचा धागा ठोकून बसवते. हा क्रम दिवसभर चालतो आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचा आवाज असतो. लय बिघडली की विणीतही ते दिसतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणून झालेलं लोकरी कापड आटवून घट्ट करायचं काम बायका एकत्र बसून करत. ओलं कापड टेबलावर तालात आपटत आणि सोबत गेलिक भाषेतली गाणी म्हणत. गाणं चालू असेपर्यंत हात एका गतीत चालत. तिथे गाण्याशिवाय कापड पूर्ण होत नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

यंत्रमाग आल्यावर चित्र पालटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत गोंगाट इतका असे, की कामगार बायका ओठांच्या ठळक हालचाली करून, एकमेकींचे ओठ वाचून बोलत. पुष्कळ जणींची श्रवणशक्ती त्या गोंगाटात गेली. कापडाच्या इतिहासातला हा आवाज विसरून फक्त मऊ, हळुवार ध्वनी वापरणारी कामं मला अपुरी वाटतात.

तिसरा धागा यंत्रांचा. फ्रान्समध्ये ल्याँ शहरात बाझील बूशाँ यांनी १७२५ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीने मागाचे धागे निवडायची युक्ती काढली. जाक द व्होकाँसाँ यांनी १७३८ मध्ये पॅरिसमध्ये बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा लोकांसमोर आणला. खिळे ठोकलेला फिरता दंडगोल त्याची बोटं आणि श्वास चालवत असे. पुढे याच माणसाकडे फ्रान्सच्या रेशीम उद्योगाची देखरेख आली आणि १७४५ च्या सुमारास त्याने आपोआप चालणारा माग बनवला. जोझेफ-मारी जाकार यांचा छिद्रित पत्त्यांचा माग १८०४ चा, आणि तो या आधीच्या प्रयोगांवरच उभा आहे. इंग्लिश गणितज्ञ एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राबद्दल टिपणं लिहिली. जाकारचा माग पानंफुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताचे नमुने विणेल, असं त्यांनी म्हटलं, आणि त्याच टिपणांत असं यंत्र संगीतही रचू शकेल अशी शक्यता मांडली. नमुना साठवायचा आणि पुन्हा घडवायचा, ही माग आणि वाद्य या दोघांचीही गरज होती.

कापड आवाज शोषून घेतं म्हणजे काय होतं?

आवाज म्हणजे हवेच्या कणांची मागेपुढे होणारी हालचाल. ही हवा कापडाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून जाते तेव्हा धाग्यांशी घासते. घर्षणात हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलते. उष्णता इतकी थोडी असते की हाताला कळत नाही, पण कानाला फरक लगेच कळतो.

आता मजेदार भाग. ही हालचाल भिंतीला अगदी चिकटून जवळजवळ शून्य असते, कारण भिंत हवेला हलू देत नाही. ती सर्वांत जास्त असते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर १००० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, आवाजाची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर येते आणि तिचा पाव भाग साधारण साडेआठ सेंटीमीटर. १०० हर्ट्‌झच्या जाड आवाजासाठी हेच अंतर ८६ सेंटीमीटर होतं. म्हणून भिंतीला खिळवलेलं पातळ कापड बारीक, तीक्ष्ण आवाजांवर थोडंफार काम करतं आणि खर्जाच्या आवाजाला जवळपास हातही लावत नाही. तेच कापड भिंतीपासून पुढे ओढून, चुण्या घालून टांगलं की खोली बदलते.

आकडेच हवे असतील तर ध्वनिशास्त्राच्या नेहमीच्या तक्त्यांत बघा. चौरस मीटरला सुमारे ६०० ग्रॅम वजनाचं मखमली कापड निम्म्या रुंदीत चुण्या घालून टांगलं, तर त्याचा शोषणांक १२५ हर्ट्‌झला ०.१४, ५०० हर्ट्‌झला ०.५५ आणि १००० हर्ट्‌झला ०.७२ दिलेला असतो. शून्य म्हणजे सगळा आवाज परत, एक म्हणजे काहीच परत नाही.

खोलीच्या ध्वनिशास्त्राची सुरुवातच मुळी कापडाने झाली, हे मला फार आवडतं. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात आवाज इतका घुमायचा की बोललेलं कळत नसे. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारायची जबाबदारी आली. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत गेले आणि दर वेळी ऑर्गनच्या नळीचा सूर किती सेकंदांत विरतो ते मोजलं. पहाट व्हायच्या आत गाद्या परत. रिकाम्या खोलीत आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. या मोजमापांतून त्यांनी सूत्र काढलं: घुमण्याचा काळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. मोजमाप मीटरमध्ये. दालनात किती कापड टांगायचं याचा अंदाज मी आजही याच सूत्राने बांधते.

मग भरपूर कापड लावलं की खोली साउंडप्रूफ होते का?

होत नाही. खोलीच्या आतलं घुमणं कमी करणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आवाज अडवायला वजन लागतं. विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला शेकडो किलो असतं, जाड पडद्याचं एक किलोही नसतं. शेजारच्या दालनातल्या चित्रपटाचा आवाज तुमच्या पडद्यांनी थांबणार नाही. जागा ठरवतानाच याचा विचार करा.

कापड स्वतः आवाज काढू शकतं का?

दोन प्रकारे. पहिला, साधा प्रकार म्हणजे कापडाचा स्वतःचा आवाज. टाफेट्याची सळसळ, मेणकापडाचा करकराट, लोकरीचं जवळजवळ काहीच न बोलणं. रेशमाची ती ओळखीची कुरकुर बहुधा सौम्य आम्लाची प्रक्रिया दिल्यावर येते, म्हणजे आवाजदेखील कापडावर करायची एक प्रक्रिया आहे. नोंदवह्यांत कापडाचे रंग, वीण, वजन सगळं सापडतं, आवाज क्वचितच. तुम्ही स्वतःची नोंदवही ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे कापडाचा स्पीकर. कुठल्याही साध्या स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं, लोहचुंबक आणि हलणारा पडदा एवढंच असतं. वेटोळ्यातून आवाजाच्या आकाराची वीज गेली की ते चुंबकाकडे ओढलं जातं, दूर ढकललं जातं, आणि सोबत पडदा हलतो. हे वेटोळं कापडावर भरतकामाने काढता येतं. अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि चुंबक जवळ आणला की कापड बोलू लागतं.

व्यवहारात अडचण येते ती धाग्याच्या रोधाची, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याची. तो ओहममध्ये मोजतात. चांदीचा मुलामा दिलेल्या वीजवाहक धाग्याचा रोध बऱ्याचदा एका मीटरला काही दहा, कधी शेकडो ओहम असतो. अ‍ॅम्प्लिफायरला साधारण ४ ते ८ ओहमचं वेटोळं हवं असतं. रोध फार वाढला की वीज कमी वाहते आणि कुजबुजही नीट ऐकू येत नाही. उपाय असा: लाख चढवलेली बारीक तांब्याची तार कापडावर गोल गोल मांडायची आणि वरून साध्या धाग्याने टाके घालून बांधत जायची. जरीकामात जाड जर अशीच बसवतात.

इतकं करूनही असा स्पीकर हळूच बोलतो आणि खर्ज त्याला जवळपास नसतो. याला दोष मानू नका. ऐकायला कान कापडाजवळ न्यावा लागतो. तेवढ्याने माणसाची चाल मंदावते, शेजारच्याशी बोलणं थांबतं. मोठ्या आवाजाने हे साधत नाही.

हात लावला की वाजणारं कापड कसं चालतं?

प्रकार तीन आहेत.

स्पर्श ओळखणारं कापड: वीजवाहक धाग्याने भरलेला भाग एका छोट्या चिपला जोडतात. माणसाचं शरीर जवळ आलं की त्या भागाची विद्युतधारकता (वीज साठवायची क्षमता) किंचित बदलते, चिपला ते कळतं, संगणक आवाज सोडतो. हे बसवायला सर्वांत सोपं. मात्र लांब उघडा धागा अँटेनासारखा वागतो, आसपासच्या विजेची गुणगुण पकडतो आणि कोणी नसताना वाजू लागतो. चिप कापडाच्या जितकी जवळ, तितका त्रास कमी.

दाब ओळखणारं कापड: वीजवाहक कापडाच्या दोन थरांत दाबल्यावर रोध बदलणारा तिसरा थर ठेवतात. पायाखालच्या जाजमासाठी हे उत्तम.

ताण ओळखणारं कापड: हे माझं सर्वांत आवडतं, कारण इथे काम विणीचं असतं. वीजवाहक सूत सुयांवर विणलं की फासे एकमेकांत अडकलेले असतात. कापड ताणलं की फाशांचा एकमेकांना होणारा स्पर्श बदलतो आणि रोधही बदलतो. म्हणजे टाका उलटा घातला की सुलटा, सैल की घट्ट, यावर वाद्याचा स्वभाव ठरतो. फक्त ताण सोडल्यावर कापड लगेच मूळ जागी येत नाही, आकडा हळूहळू सरकत राहतो. दिवसाच्या सुरुवातीला शून्य नव्याने ठरवायची सोय प्रोग्राममध्ये ठेवा.

कोणाचं काम बघावं?

या यादीत सगळे जण स्वतःला ध्वनिकलाकार म्हणवत नाहीत. तरी इथे शिकायचं ते यांच्याकडूनच.

आनी अल्बर्स आधी. जर्मनीतल्या बाऊहाउस शाळेच्या विणकाम विभागात त्या शिकल्या. वास्तुकार हानेस मायर यांनी बर्लिनजवळ बेर्नाऊ इथे कामगार संघटनेची शाळा बांधली आणि तिथल्या सभागृहात आवाज घुमत होता. अल्बर्स यांनी १९२९ च्या सुमारास त्यासाठी कापड विणलं: मागच्या बाजूला आवाज शोषणारं शनील (मऊ, लवदार सूत), पुढच्या बाजूला उजेड परतवणारं सेलोफेन. एकाच विणीत दोन बाजूंना दोन कामं. त्यांच्या पदविकेचं काम हेच. मला कोणी या क्षेत्राची सुरुवात विचारली तर मी इथेच बोट ठेवते, कारण कापडाने ऐकणं बदलायचं हे त्यांनी सजावटीच्या पलीकडे जाऊन, विणकराच्याच भाषेत सोडवलं.

जोझेफ बॉइस यांचं १९८५ चं लंडनमधलं ‘प्लाइट’ हे काम म्हणजे नमद्याच्या जाड गुंडाळ्यांनी भिंती भरलेल्या खोल्या आणि आत एक बंद पियानो. कुठेही स्पीकर नाही. आत गेल्यावर बाहेरचा आवाज विरतो, उबदार वाटू लागतं आणि न वाजणाऱ्या पियानोची जाणीव होत राहते. हे काम आता पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. चिहारू शिओता यांच्या ‘इन सायलेन्स’मध्येही मूक पियानो आहे, पण तो जळालेला आणि काळ्या धाग्यांच्या जाळ्यात गुरफटलेला. लहानपणी शेजारचं घर जळाल्यावर पाहिलेला पियानो त्यामागे आहे. दोन्हींत आवाज गैरहजर, तरी आपण ऐकतच असतो. फरकही समजून घ्या: बॉइसचा नमदा खरोखर आवाज पितो, शिओतांचा धागा आवाजाची आठवण डोळ्यांना दाखवतो. माझ्या कसोटीवर शिओतांचं काम काटेकोरपणे बसत नाही. ते काम पाहिल्यावर मला ती कसोटी थोडी सैल करावीशी वाटते.

अ‍ॅन हॅमिल्टन यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू आर्मरीतल्या प्रचंड दालनात एक भलामोठा पांढरा पडदा टांगला. दोर आणि कप्प्यांनी तो ४२ झोपाळ्यांना जोडलेला. कोणी झोका घेतला की पडदा उचलला जाई, खाली येई. एका बाजूला वाचक मोठ्याने वाचत होते आणि त्यांचे आवाज कागदी पिशव्यांत ठेवलेल्या रेडिओंतून दालनभर फिरत होते. पिशवी उचलून प्रेक्षक आवाज स्वतःसोबत नेऊ शकत. अनोळखी माणसांच्या हालचाली एका कापडात एकत्र दिसतात, हे मला या कामाचं खरं यश वाटतं.

सेसिलिया विकुन्या यांचं ‘ब्रेन फॉरेस्ट किपू’ २०२२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये होतं. किपू म्हणजे अँडीज पर्वतातल्या लोकांची गाठी मारलेल्या दोऱ्यांत नोंदी ठेवायची पद्धत. न कातलेली लोकर, वनस्पतींचे तंतू, दोर आणि सापडलेल्या वस्तू यांची २७ मीटर उंचीची दोन शिल्पं आणि त्यांच्यासोबत आवाजाचा वेगळा किपू. त्यात आदिवासी समूहांचं संगीत, निसर्गातली ध्वनिमुद्रणं, स्वतः विकुन्या यांचा आवाज आणि मध्ये मध्ये शांतता. कोलंबियाचे संगीतकार रिकार्डो गाल्यो यांनी ती रचना सांभाळली.

थोडक्यात आणखी काही. निक केव्ह यांचे ‘साउंडसूट’: अमेरिकेत रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीनंतर १९९२ मध्ये काड्यांपासून पहिला पोशाख झाला, अंगात घालून हलल्यावर तो वाजला आणि पुढच्या सगळ्यांना नाव मिळालं. अ‍ॅलिस सांतोरो यांनी ध्वनिमुद्रित कॅसेटची फीत विणून कापड केलं. टेपचं हेड त्यावरून फिरवलं की ते ऐकू येतं. एब्रू कुरबाक आणि इरेन पॉश यांनी २०१४ मध्ये विणलेला रेडिओ आणि २०१८ मध्ये सोनेरी धाग्यांनी भरलेला संगणक केला. हाना पर्नर-विल्सन आणि मिका सातोमी यांनी कापडाचे सेन्सर कसे करायचे ते सगळं इंटरनेटवर मोफत खुलं केलं. आज या क्षेत्रात येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर उभा आहे.

आवाज कुठून आणायचा?

कापडाच्या जवळून सुरुवात करा. सुई जाड कापडातून जाताना, सूत रिळावरून सुटताना, कात्री चालताना होणारे आवाज पिझो चकतीने पकडले की थक्क व्हायला होतं. ही स्वस्त चकती मागाच्या लाकडाला किंवा भरतकामाच्या चौकटीला चिकटवायची. ती हवेतला आवाज फारसा घेत नाही, वस्तूच्या आतली कंपनं घेते.

विणीचा नमुना स्वरांत बदलायची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. ताण्याचा धागा वर असेल तर सूर, खाली असेल तर शांतता. प्रयोग म्हणून जरूर करा. पण तिथेच थांबू नका. साध्या विणीतून एक सूर सोडून एक असा कंटाळवाणा क्रम निघतो आणि गुंतागुंतीच्या विणीतून निघालेलं संगीत त्या विणीचंच आहे हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. भाषांतर अचूक असलं म्हणजे अनुभव घडतोच असं नाही.

इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तर?

तर कदाचित बरंच. बॉइस यांच्या नमद्याला वीज लागत नाही. फक्त कापडाची जाडी, चुण्या आणि अंतर बदलत एक बोळ तयार करा, ज्यातून चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज बदलत जाईल. एवढंही पूर्ण काम होऊ शकतं. नंतर शिकायचं झालं तर लिआ ब्यूखली यांनी तयार केलेला आणि २००७ मध्ये बाजारात आलेला लिलीपॅड अर्डुइनो हा कापडावर शिवता येणारा बोर्ड सुरुवातीला चांगला. आवाज हाताळायला प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

स्पीकर कापडामागे लपवले तर आवाज दबतो का?

कापडावर तोंड टेकवून फुंकर मारा. हवा सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल. घट्ट विणलेलं किंवा मागून थर चढवलेलं कापड तीक्ष्ण आवाज खातं. आवाज मुद्दाम धूसर हवा असेल तर तेही वापरता येतं.

दालनात लावताना काय बघावं लागतं?

सर्वांत आधी आग. छतापासून लोंबणारं कापड, आत वीज आणि गर्दी, हे एकत्र आलं की नियम कडक असतात आणि तसेच असायला हवेत. सुती आणि तागाचं कापड झपाट्याने पेटतं. कृत्रिम धागे वितळून ठिबकतात. लोकर सहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर नेल्यावर बहुधा विझते. अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यायची असेल तर आधी तुकड्यावर करून पाहा, कारण त्या प्रक्रियेतले क्षार वीजवाहक धाग्याचा रोध बदलू शकतात आणि कापडाचा पडण्याचा बाजही बदलतो. प्रमाणपत्र प्रदर्शनाआधी हातात हवं.

दुसरं, मोजमाप रिकाम्या दालनात एकदा आणि माणसं असताना एकदा. माणसांच्या अंगावरचे कपडेही आवाज पितात, त्यामुळे उद्घाटनाच्या संध्याकाळी काम वेगळंच ऐकू येतं. तिसरं, तिथे दिवसभर बसणारे रखवालदार. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी बऱ्याचदा ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, पण त्याच्या खूप खालीही एकच आवर्तन दिवसभर ऐकणं छळ असतो. माझ्या कामात मी शांततेचे लांब टप्पे ठेवते, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रेक्षकांना हात लावू द्यावा का?

काम हाताला उद्देशून असेल तर द्यावाच. मग झिजणारा भाग बदलता येईल असा शिवा आणि जादा तुकडे आधीच विणून ठेवा. काही भागांना हात लावायचा आणि काहींना नाही, अशी सरमिसळ असेल तर पाटी लावून भागत नाही. स्पर्श नको असलेला भाग हाताच्या टप्प्याबाहेर टांगा.

ऐकू न येणाऱ्या व्यक्तींसाठी या कामात काय आहे?

पुष्कळ, जर आधीपासून विचार केला तर. खर्जाचा आवाज अंगाला जाणवतो. ताणून बसवलेल्या कापडाला कंपनयंत्र लावलं की तळहात, पाठ, गाल यांनी ते वाचता येतं. सैल लोंबणाऱ्या कापडावर ते चालत नाही, ताण हवाच. काम पूर्ण झाल्यावर सोय म्हणून हे चिकटवण्यापेक्षा कर्णबधिर सहकाऱ्यांना आराखड्याच्या टप्प्यावर बोलवा. कोणती कंपनं वेगवेगळी ओळखू येतात, याबद्दल त्यांचं मत माझ्यापेक्षा भरवशाचं असतं.

कारागिरांसोबत काम करताना श्रेय कोणाचं?

ज्यांच्या हातांनी कापड झालं त्यांची नावं भिंतीवरच्या पाटीवर, कलाकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’ ही ओळ मला मान्य नाही. आवाजाबाबत तर आणखी काळजी घ्यावी लागते. विणकराच्या मागाचा, बोलण्याचा किंवा गाण्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला की तो कापडाच्या मजुरीत धरला जात नाही. त्याचा वेगळा मोबदला ठरवा, किती वर्षं आणि कुठे वाजवणार ते लिहून द्या, मुद्रणाची प्रत त्यांना द्या. नको म्हणाले तर विषय संपला.

काम किती वर्षं टिकतं?

कापडाचे शत्रू ठरलेले आहेत: उजेड, कसर, दमटपणा. संग्रहालयांत कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. चांदीचा धागा हवेतल्या गंधकामुळे काळा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. पण सर्वांत आधी मरतं ते सॉफ्टवेअर. म्हणून आवाज साध्या, असंकुचित फाइलमध्ये ठेवा आणि काम कसं वागतं ते साध्या वाक्यांत कागदावर लिहा: हात लावल्यावर किती वेळाने, कुठून, किती मोठा आवाज येतो. पंचवीस वर्षांनी दुसरं कोणी वेगळ्या यंत्रांनी ते पुन्हा उभं करू शकेल.

व्हिडिओ पाहून काम कळतं का?

अर्धवट. मोबाइलचा माइक खोलीचं घुमणं सपाट करतो आणि कापडाचं खरं काम तर त्या घुमण्यातच असतं. नोंद ठेवायची असेल तर डोक्याच्या आकाराच्या पुतळ्याच्या कानांत बसवलेल्या दोन माइकांनी मुद्रण करा आणि हेडफोनवरच ऐकायला सांगा. सोबत रिकाम्या दालनातली एक टाळी आणि कापड टांगल्यावरची एक टाळी, अशा दोन फाइल जोडा. कामाबद्दलच्या लांब निवेदनापेक्षा त्या दोन टाळ्यांतून जास्त समजतं.